पाच दरवाज्यांचं गोल गाव

आमच्या कॉलनीच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये एक अख्खं जर्मन गाव होतं. खडूनं काढलेलं. पाऊस आला की ते वाहून जायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी काका ते पुन्हा वसवायचे. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या टाउनहाउसमध्ये मी २००१ साली राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात खिडकीतून मला पन्नाशी उलटलेले, अर्ध्या चड्डीतले, बारीक मिशीचे एक गृहस्थ दिसले. हातात दोरी, दोरीच्या टोकाला खडू. आमची गाडी जिथं उभी होती तिच्याभोवती ते भलंमोठं वर्तुळ काढत होते. मी नवऱ्याला म्हटलं, अरे, कुणीतरी आपल्या गाडीवर करणी करतंय. नवरा म्हणाला, ते शेजारचे काका आहेत, औरंगाबादचे, गाव काढताहेत. एवढं सांगून तो पुन्हा चहा प्यायला लागला, जणू सगळ्यांचेच शेजारी शनिवारी गावं काढतात.

गावाचं नाव नॉर्डलिंगन. दक्षिण जर्मनीत आहे. भोवतीची तटबंदी जवळजवळ गोल आणि अजून शाबूत, तटावरून चालत गावाला पुरी फेरी मारता येते. तटाला पाच दरवाजे आणि मधोमध चर्चचा उंच मनोरा. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगू शकते, कारण पुढची सात वर्षं काकांनी ते आमच्याकडून घोटून घेतलं. मी नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथं डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. मुलगी तीन वर्षांची. दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, आणि बाहेर एक माणूस आठवड्याला एक गाव वसवत होता. मी खडू घेऊन खाली उतरले नसते तरच नवल.

काका मूळचे ड्राफ्ट्समन. तरुणपणी औरंगाबादच्या एका कारखान्यात होते. तिथं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. जाताना त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काकांना देऊन टाकलं. बारा महिने, बारा जुनी गावं, आणि प्रत्येक पानामागे त्या त्या गावाचा छोटा नकाशा. जुलैच्या पानावर हे गोल गाव होतं. काकांचं बालपण पैठण दरवाज्याजवळ गेलेलं. आपल्याकडे दरवाज्याला रस्ता ज्या गावाला जातो त्याचं नाव असतं, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा. या जर्मन गावातही तसंच होतं, पाचातल्या चार दरवाज्यांना पुढच्या खेड्यांची नावं. हे कळलं त्या दिवशी आपण हरखून गेलो, असं काका सांगायचे. पुढे ते कॉम्प्युटर शिकले, मेनफ्रेमवाले झाले आणि दोन हजार साल लागताना कॉम्प्युटर बंद पडतील या धांदलीत कंपनीनं त्यांना अमेरिकेत आणलं. बॅगेत कॅलेंडर होतंच. तोपर्यंत ते जवळजवळ पंचवीस वर्षं जुनं झालं होतं.

नकाशा त्यांनी ड्राफ्ट्समनच्या हातानं मोठा केला होता. गाडी लावायची एक चौकट म्हणजे पन्नास मीटर. त्यात गल्ल्या, चौक, हौद, धान्याचं जुनं कोठार, सगळं मापात. बाजाराच्या चौकाला ते पेठ म्हणायचे, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीला चांभारवाडा. आमच्या गाडीला जागा बरोबर चर्चच्या दारात मिळाली होती. नवऱ्यानं शनिवारी गाडी हलवली नाही तर काका खिडकीखाली येऊन नम्रपणे म्हणायचे, ‘जरा गाडी देवळातून बाहेर काढता का?’

२००२ च्या उन्हाळ्यात कुणीतरी पोलिसांना फोन केला. अकरा सप्टेंबरला वर्षही झालं नव्हतं, दिवसच तसे होते. एक सावळा माणूस जमिनीवर दरवाजे, मनोरे आणि बाण काढतोय, हे कुणाला खटकलं असेल तर त्याला तरी काय बोलणार. पोलिसाची गाडी आली तशा काकू दारात येऊन देवाचं नाव घ्यायला लागल्या. आधी व्हिसा जाणार, मग नवऱ्याची नोकरी, असं मी मनातल्या मनात सामानसुद्धा बांधलं. काका मात्र अगदी खुशीत. चला, आणखी एक जण गाव बघायला आला. त्यांनी त्या धिप्पाड पोलिसाला हात धरून स्टेशनकडच्या दरवाज्यातून आत घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. पोलीस ऐकून घेत होता. मग त्यानं टोपी काढली, मान वाकडी करून वर्तुळाकडे बघितलं आणि म्हणाला, हे गाव मी पाहिलंय. तो सैन्यात असताना दोन वर्षं जर्मनीत होता. सुट्टीत तिथं गेला होता, बिअर प्यायला होता, रस्ता चुकला होता.

त्यानंतरचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. काका त्याला प्रश्न विचारत होते आणि तो आठवून आठवून उत्तरं देत खडूच्या गल्ल्यांतून चालत होता. नैऋत्येच्या दरवाज्याजवळ तो थांबला आणि म्हणाला, इथं चढ आहे. नकाशात चढ कुठून कळणार. सव्वीस वर्षं त्यांनी ते गाव सपाट धरलं होतं. पोलीस गेल्यावर त्यांनी तिथं मोठ्या अक्षरात ‘चढ’ असं लिहिलं आणि काकूंना ओरडून सांगितलं की शिरा कर. एवढ्या वर्षांनी गावातून पहिली बातमी आली होती.

काकांचा एक नियम होता, कुठंही समोरच्या दरवाज्यानं आत जायचं. मॉलमध्ये सगळे पार्किंगच्या बाजूच्या दारानं शिरत, काका एकटे अर्धा मैल वळसा घालून मुख्य दारानं येत. आमच्याकडे सगळे जण गॅरेजमधून घरात यायचे. समोरचं दार कुरियरवाल्यापुरतं, त्याच्या आत नवऱ्यानं चपलांचं रॅक लावलेलं. काका आले की बेल वाजायची, नवरा कुरकुरत रॅक सरकवायचा, आणि काका उंबऱ्यावर क्षणभर थांबून मग आत यायचे. रोज न्यूयॉर्कच्या ट्रेनसाठी स्टेशनवर पायी जायचे, फुटपाथ नसलेल्या रस्त्यानं, पंचवीस मिनिटं. लोक गाड्या थांबवून विचारायचे, राइड हवी का? काका म्हणायचे, नको, मी सराव करतोय.

मी एकदा म्हटलं, काका, गाव बघायला एवढी तयारी कशाला? ते म्हणाले, ‘गाव बघायचं नसतं गं. गावात जायचं असतं.’

कॉलनीतला जो कुणी सुट्टीत भारतात निघेल त्याला काका गाठायचे. फ्रँकफर्टवरून तिकीट काढा, एक दिवस थांबा, तीन गाड्या बदलून गावात जा. आधी तीन शनिवार क्लास. कुठल्या दरवाज्यानं शिरायचं, पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत फोटो काढायचा नाही, कुठल्या कठड्यावर बसून डबा खायचा. आणि परत आल्यावर पहिल्या शनिवारी खडूच्या गावात उभं राहून, जिथं जिथं गेलात तिथं तिथं चालत वृत्तांत द्यायचा. लोक हसायचे, पण आठ-दहा कुटुंबं खरंच जाऊन आली. त्यातलं कुणी हिरमुसून आलं नाही. ‘यार, वेगळंच गाव आहे,’ असं पुण्याचा एक तरुण, स्वतःला फार हुशार समजणारा, सगळ्यांदेखत म्हणाला तेव्हा काकांची छाती अशी काही फुगली की काकूंनी त्यांना चिमटा काढला.

२००४ मध्ये आमची पाळी आली. मी काकांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. महिनाभर मला नीट झोप नव्हती इतकी मी उतावीळ झाले होते. आणि फ्रँकफर्टला उतरल्यावर कळलं की आमच्यासारखं चोवीस तासांहून जास्त थांबायचं असेल तर सामान पुढं मुंबईला जात नाही, आपल्या हातात येतं. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी बत्तीस किलो. सहा बॅगा. त्यात नणंदेच्या लग्नाच्या भेटी, बदाम, शाम्पू, सासूबाईंच्या गुडघ्यांची मलमं, चुलत, मावस, आते सगळ्यांसाठी चॉकलेटं. सामान ठेवायची खोली विमानतळावर होती. नवरा म्हणाला, लग्नाचं सामान मी परक्या माणसाच्या ताब्यात देणार नाही. मीही फार भांडले नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. निघालो सहा बॅगा घेऊन. पहिली गाडी बदलायच्या स्टेशनावर आठ मिनिटं होती. आमच्या बॅगा उतरवून होईपर्यंत सहा मिनिटं गेली, पलीकडचा फलाट जिन्यावरून, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. तासाभरानं पुढची आली, ती ऐनवेळी दुसऱ्याच फलाटावर, तेव्हा नवरा तिसरी बॅग घेऊन जिन्याच्या मध्यावर. मग मुलगी रडायला लागली. आम्ही बॅगांवर बसलो, तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि चार वाजता विमानतळावर परतलो. त्या स्टेशनापासून गाव दीडशे किलोमीटरवर होतं.

परत आल्यावर हे काकांना सांगायची मला लाज वाटली. सगळ्यात हुशार मुलगी नापास झाली, असं कसं सांगायचं? शनिवारी पार्किंग लॉटमध्ये पंधरा-वीस लोक जमले होते. मी स्टेशनकडच्या दरवाज्यातून शिरले आणि बोलत सुटले. हौदाचं पाणी किती गार, कोठाराचं छप्पर किती उंच, तटावरच्या फळ्या पायाखाली कशा करकरतात. सगळं काकांनीच शिकवलेलं, मी त्यांनाच परत ऐकवत होते. काका माझ्या मागून चालत होते आणि दर वळणाला मान डोलवत होते. मी चढाजवळ पोचले तेवढ्यात कठड्यावर बसलेली माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आई, वी नेव्हर वेंट देअर. वी जस्ट सॅट विथ द बॅग्ज.’

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. काकांनी विचारलं, किती बॅगा होत्या? मी म्हटलं, सहा. कुठं अडलात? मी जिना सांगितला, आठ मिनिटं सांगितली, सगळं सांगितलं आणि रडायला लागले. काकांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

‘चूक माझी आहे,’ ते म्हणाले. ‘मी गाव शिकवलं. बॅगा शिकवायला पाहिजे होत्या.’

आणि माणूस कसा बघा, पुढच्या शनिवारपासून क्लासमध्ये बॅगा आल्या. ज्यांना जायचं असेल त्यांनी घरून भरलेल्या बॅगा आणायच्या, काकूंच्या जिन्यावरून आठ मिनिटांत खाली उतरवायच्या. ज्यांना जमलं नाही त्यांनी बॅग परक्याच्या हातात सोडून पाठ फिरवायचा सराव करायचा. नवऱ्याला काकांनी त्यात तीनदा नापास केलं.

ज्या शनिवारी माझं खोटं उघडं पडलं त्याच दुपारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले होते. काका बाहेर होते. बोलता बोलता मी काकूंना विचारलं, एवढं सगळ्यांना पाठवता, मग तुम्ही दोघं का नाही जाऊन येत? काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. काकांचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. एक कंपनी विकली गेली, दुसरी बुडाली, दर वेळी अर्ज पहिल्यापासून. या अवस्थेत देशाबाहेर पडलं की परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि शिक्का मिळेलच असं नाही. काकांच्या ऑफिसातला एक जण असा पाच महिने मुंबईत अडकला आणि त्याची नोकरी गेली. इकडे काकांच्या मुलीचं कॉलेज चालू होतं. काका आल्यापासून एकदाही अमेरिकेबाहेर गेले नव्हते. वडील गेले तेव्हा सगळे विधी त्यांनी फोन कानाला लावून ऐकले. आई औरंगाबादला होती, ऐंशी पार केलेली. काकू म्हणाल्या, ‘हे कोंडलेत गं. म्हणून लोकांना दरवाजे दाखवतात.’

मला तेव्हा फार वाईट वाटलं. सुरुवातीला मी त्यांच्या छंदाला हसले होते आणि वर खोटंही बोलले होते. त्या दिवसापासून काकांनी स्वतःच्या पायांनी त्या गावात जावं, ही माझीच इच्छा होऊन बसली. मी त्यांच्या अर्जाची चौकशी करायचे तशी नवऱ्याच्या अर्जाचीही करत नव्हते.

ग्रीन कार्ड २००७ च्या हिवाळ्यात आलं. काका लिफाफा घेऊन आमच्या समोरच्या दारात उभे होते, बेल वाजवायचं भान नव्हतं. नवऱ्यानं एका हातानं चपलांचं रॅक ढकलून दिलं, चपला चारी दिशांना उडाल्या. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि मी आणि काकू स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. तिकिटं पुढच्या उन्हाळ्याची काढली. मला वाटलं, आता काका थेट गावात. पण ते म्हणाले, जाताना नाही, येताना. आधी आई. मधे कुठंही थांबायचं नाही.

आम्हीही त्या उन्हाळ्यात नागपूरला होतो. परतीचं विमान आम्ही त्यांच्याबरोबरचंच घेतलं. मुंबईच्या विमानतळावर काका भेटले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. आईनं त्यांना पंधरा दिवस सोडलं नव्हतं, आणि निघताना हातावर दही ठेवून म्हणाली होती, जा आता, तुझं ते कॅलेंडरमधलं गाव बघून ये. फ्रँकफर्टला नवऱ्यानं सगळ्या बॅगा, लोणच्यांच्या बरण्यांसकट, सामानाच्या खोलीत दिल्या आणि मुलगी सासरी पाठवल्यासारखा चेहरा करून पाठ फिरवली. काका म्हणाले, पास. तीन गाड्या बदलल्या, एकही चुकली नाही. शेवटच्या गाडीत काका बसलेच नाहीत, दारापाशी उभे राहिले. मनोरा आधी त्यांनाच दिसला. ते नुसतं काकूंच्या खांद्यावर थोपटत राहिले, इतक्या जोरात की काकू म्हणाल्या, अहो, हाड मोडाल.

दरवाज्यापाशी पोचलो. खरा, दगडी, कमानीचा. काका बाजूला झाले आणि काकूंना म्हणाले, ‘तू हो पुढे.’

काकूंनी कमानीकडे बघितलं. ‘लग्नात मला मागच्या रस्त्यानं आणलं होतंत,’ त्या म्हणाल्या. ‘टेम्पो पैठण दरवाज्यात अडकेल म्हणून.’

काका म्हणाले, तेच तर. काकूंनी साडीचा पदर सारखा केला आणि त्या आधी आत शिरल्या. मागून काका, मग आम्ही. मुलगी आता दहा वर्षांची होती. तिनं न सांगता कॅमेरा बॅगेत ठेवला.

आत गेल्यावर काका चालत सुटले ते कुणाला ऐकेनात. नकाशा काढला नाही, पाटी वाचली नाही. वळणावर जाण्याआधीच हात करून सांगायचे, आता उजवीकडे उतरती लाल कौलं, आणि वळलं की खरंच कौलं. बेकरी होती तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं, तेवढं एक त्यांना लागलं. बाकी सगळं जागेवर होतं. मीही ते गाव ओळखत होते. चांभारवाड्यात शिरताना मला पुढची भिंत आठवत होती, मी एकदा तिथं खोटं खोटं चालून आले होते.

चौकाच्या कोपऱ्यावर एक म्हातारं अमेरिकन जोडपं हातात नकाशा उलटसुलट करत उभं होतं. तटावर चढायचा जिना त्यांना सापडत नव्हता, अर्धा तास ते गोल गोल फिरत होते. काका पुढं झाले. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, समोरच्या गल्लीनं जा, दुसऱ्या वळणाला डावीकडे, तट लागला की उजवीकडे तीस पावलं, तिथं लाकडी जिना आहे. मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. बेकरी गेली होती. हा जिना जाऊन आलेल्यांपैकी कुणाच्याच वृत्तांतात नव्हता, तीस वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरमधला, असेल की नाही, कोण जाणे. म्हातारा म्हणाला, मी आधी बघून येतो, माझ्या बायकोचे गुडघे दुखतात. तो गल्लीत गेला आणि दिसेनासा झाला.

काकांनी हात पाठीमागं बांधले. घामानं त्यांचा शर्ट भिजला होता. बाई गप्पिष्ट होती. तिनं काकांना विचारलं, तुम्ही इथलेच दिसता, किती दिवस झाले इथं राहताय? काका गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

मग वरून हाक आली. म्हातारा तटावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. जिना सापडला, ये, असं तो बायकोला ओरडून सांगत होता.

काकांनी मोठा श्वास सोडला. मग बाईकडे वळून त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि अगदी खरं तेच सांगितलं.

‘बावीस मिनिटं झाली,’ ते म्हणाले.